माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेलं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं कार्ड

शहापूरकर
मंडळी, नमस्कार. गणपती तोंडावर आलाय म्हणून माळा झाडायला काढला, तर पत्र्याची एक ट्रंक निघाली. ही आमच्या गावाकडच्या वाड्यातून आलेली. गाव अथणी तालुक्यातलं, शेडबाळ स्टेशनापासून बैलगाडीच्या अंतरावर. आत तगाईच्या पावत्या, दोन जन्मपत्रिका, एक आडकित्ता, लाल फडक्यात गुंडाळलेला तारेच्या दांडीचा चष्मा (एकच काच शिल्लक, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी) आणि हे कार्ड.

पुढच्या बाजूला फोटो आहे. लांबलचक इमारत, व्हरांडा, एका कडेला झाडाखाली सोडलेली बैलगाडी. खाली इंग्रजीत छापलंय, "मिशन हॉस्पिटल, मिरज, एस. एम. सी." मागं मधोमध उभी रेघ, उजवीकडं पत्ता, डावीकडं मोडीत मजकूर. तिकीट हिरवं, राजाचं डोकं, अर्धा आणा. शिक्क्यातलं "मिरज" वाचता येतंय, साल पुसलंय.

तीन प्रश्न आहेत. कार्ड कधीचं? एस. एम. सी. म्हणजे काय? आणि मोडी कोण वाचून देईल? पत्त्यातली नावं झाकून दोन्ही बाजू टाकल्यात. उद्या लॅमिनेट करून आणणार आहे, त्याआधी काय बघायचं ते सांगा.

अनगोळचा_बाळू
हे आमचं बेळगावचं सिव्हिल आहे ओ. असाच व्हरांडा होता जुन्या बाजूला.

शहापूरकर
बाळू, खाली मिरज म्हणून छापलंय की रे!

अनगोळचा_बाळू
बघितलंच नाही मारे. मोबाईलवर बघूलालोय.

टपालवेडा
पहिली गोष्ट: लॅमिनेट करू नका. हात जोडतो. एकदा त्या गरम प्लास्टिकात गेलं की कार्ड परत कधी बाहेर येत नाही. चिकटपट्टी नको, अल्बमचा डिंकाचा कागदही नको. तिकिटं गोळा करणारे वापरतात तसलं साधं पारदर्शक पाकीट घ्या नि पुस्तकात आडवं ठेवा.

आता साल. मागची उभी रेघ महत्त्वाची. सुरुवातीला सचित्र कार्डाच्या मागच्या अख्ख्या बाजूवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला कुठंतरी कोंबायचा. मागची बाजू विभागून अर्ध्यात मजकूर चालेल असं इंग्लंडनं १९०२ साली ठरवलं, अमेरिकेनं १९०७ साली. तेव्हा छपाई त्यानंतरची. पण तुमच्या कार्डाचा खरा साक्षीदार तिकीट आहे. राजा दाढीवाला असेल, मुकुट घातलेला. पंचम जॉर्ज?

शहापूरकर
दाढी आहे, मुकुट आहे.

टपालवेडा
मग १९११ नंतरचं. आता दर बघा. देशातल्या देशात कार्डाला १९२२ पर्यंत पाव आणा पडायचा. त्या वर्षी अर्धा आणा झाला आणि १९३१ च्या शेवटी नऊ पै, म्हणजे पाऊण आणा. तुमच्या कार्डाला बरोबर अर्ध्या आण्याचं तिकीट आहे आणि पत्ता देशातलाच. म्हणजे १९२२ ते १९३१.

अजून आवळता येईल. तिकीट कोपऱ्यात सुटलंय असं फोटोत दिसतंय. ओढू नका! नुसतं उजेडापुढं धरा आणि कागदात तारा एक दिसतोय की बरेच, ते सांगा. लंडनच्या छपाईत प्रत्येक तिकिटामागं एक तारा असायचा. १९२६ पासून नाशिकला छापायला लागले, तेव्हा कागदभर तारे आले.

आणखी एक. चित्र खरा फोटो आहे की छापील? भिंगातून बारीक ठिपके दिसले तर छापील.

शहापूरकर
लॅमिनेशनचं ऐकलं. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी इथल्याच एका दुकानातून दोन जुने फोटो तसे करून आणलेत. आजोबांच्या मुंडावळ्यांवर हवेचे बुडबुडे आलेत. बायको म्हणते, अक्षता पडलेल्या दिसतात.

तारे: दोन पुरते आणि एक अर्धा दिसतोय. भिंग घरात नाही.

टपालवेडा
मग नाशिकचं. १९२६ ते १९३१. पाच-सहा वर्षांवर आणलं, चहा पाजा. पण हे टपालात पडल्याचं साल झालं. फोटो त्याआधी काढलेला असणार. अशी कार्डं छापून ठेवायचे आणि वर्षानुवर्षं खपवायचे.

घटप्रभा_पॅसेंजर
एस. एम. सी. म्हणजे सांगली मिरज कॉर्पोरेशन.

कंपाउंडरचा_मुलगा
पॅसेंजरसाहेब, ते कॉर्पोरेशन झालं १९९८ साली, आणि त्यात कुपवाडही आहे. हे कार्ड त्याच्या सत्तर वर्षं आधीचं.

एस. एम. सी. म्हणजे सदर्न मराठा कंट्री. मिशनच्या लोकांच्या पत्त्यात हे असायचं. बेळगाव, धारवाड, विजापूर, कोल्हापूर आणि मधे विखुरलेली पटवर्धनांची संस्थानं, सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड, ह्या सगळ्या मुलखाला इंग्रज एकच नाव द्यायचे. आपली रेल्वेसुद्धा आधी सदर्न मराठा रेल्वे होती. १९०८ साली मद्रास रेल्वे तिच्यात मिळाली, मग एम. एस. एम. झाली. म्हातारी माणसं "यमेसेम" म्हणायची ती हीच.

खानापूर_रोड
बघा! इंग्रजांनीच लिहून ठेवलंय मराठा कंट्री म्हणून. आता कुणी काय बोलावं?

घटप्रभा_पॅसेंजर
त्याच कंट्रीत धारवाड आणि विजापूर पण घातलंय की. ते घेणार काय तुम्ही?

खानापूर_रोड
विषय तो नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला

नियंत्रक
दोन प्रतिसाद उडवलेत. सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, नऊशे प्रतिसादांचा. तिकडं जा. इथं दवाखाना.

कंपाउंडरचा_मुलगा
वडील मिरजेत कंपाउंडर होते (त्या हॉस्पिटलात नव्हे, एका खाजगी डॉक्टरांकडं), पण गावात राहून हा इतिहास आपोआप कानावर पडतो. थोडं सांगतो.

डॉ. विल्यम वॉन्लेस मूळ कॅनडाचे. न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकले आणि १८८९ च्या अखेरीला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडं आले. सुरुवात सांगलीत छोट्या दवाखान्यानं केली, मग मिरज धरली. मिरज का, ते नकाशात बघा. दोनच वर्षांपूर्वी, १८८७ साली, पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा अशी गाडी सुरू झाली होती. १८९१ ला कोल्हापूरचा फाटा निघाला. आजारी माणसाला चार दिशांनी आणता येईल असं ठिकाण एवढ्या टापूत दुसरं नव्हतं. हॉस्पिटल १८९४ साली उघडलं. पैसे दिले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स नावाच्या गृहस्थांनी, आणि ते कोण? बाल्डविन नावाच्या आगगाडीची इंजिनं करणाऱ्या कारखान्याचे मालक! म्हणजे जंक्शनवरच्या दवाखान्याला पैसा आला तोही इंजिनाचा.

१८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. मिशनरी लोकांनी चालवलेल्या देशातल्या सुरुवातीच्या शाळांपैकी ती एक. कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आणि क्षयाचा सॅनेटोरियम हे नंतरचं. सॅनेटोरियममुळं सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीचं नावच वानलेसवाडी पडलं. वॉन्लेसचं वानलेस आपल्या लोकांनी केलं, आणि वाडी लावून घरातलं करून टाकलं. १९२८ ला त्यांना 'सर' मिळाली, त्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९३३ साली कॅलिफोर्नियात वारले. त्यांच्यामागं डॉ. व्हेल मुख्य झाले.

निपाणीची_नात
"मिरजेला नेलं" हे आमच्या घरात वेगळंच क्रियापद होतं. "तिला काय झालं?" "मिरजेला नेलं." पुढं कुणी काही विचारायचं नाही, बायका नुसत्या देव्हाऱ्याकडं बघायच्या. निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळं आधी तंबाखूच्या वखारीतली कुणाची तरी गाडी, मग येष्टी. आजी सांगायची, पेशंट एक आणि बरोबर माणसं पाच, वातीचा स्टो, ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी. शेजारच्या खाटेवरची बाई रायबागची, कानडी बोलणारी. तिच्याकडनं आजी मुटगे करायला शिकून आली. दुखणं कुठलं होतं ते आम्हाला कधी सांगितलं नाही, मुटगे मात्र अजून करतो.

वडगावची_काकू
मुटग्याची कृती टाक गं.

घटप्रभा_पॅसेंजर
आमच्या घटप्रभेला पण आरोग्यधाम आहे बरं का. हिंदुस्थानी सेवादलाचे डॉ. हर्डीकर तिथंच राहिले शेवटपर्यंत. सगळी मिरजेलाच गेली असं नाही.

टिळकवाडी_मॉर्निंग_वॉक
आणि बेळगावचं व्हॅक्सिन डेपो विसरलात. आता तिथं आमच्यासारखे पोट कमी करायला जातात, पण नाव डेपो पडलं ते देवीच्या लसीमुळं. वासरांच्या अंगावर लस वाढवायची, खरवडून काढायची आणि पुढं पाठवायची. आमच्या पिढीच्या दंडावरचे दोन गोल डाग त्याच जातीच्या लसीचे.

मोडी_मावशी
आता मुख्य काम. चष्मा पुसून बसले होते, दोन तास गेले. अक्षर कारकुनी आहे, पण शाई पसरलीय. लिहिणारा वडीलधारा, बहुतेक थोरला भाऊ. नावं गाळून देते:

"श्री. चि. यास अनेक आशीर्वाद विशेष. मातोश्रींचे डोळ्याचे काम गुदस्त शुक्रवारी झाले. पट्टी काल सोडली. डॉक्टरसाहेबांनी बोटे दाखविली तीन दिसली. देवास साखर ठेवणे. रविवारचे गाडीने शेडबाळास उतरतो. बैलगाडी पाठवणे, आत गवत घालून पासोडी टाकणे. बाकी भेटीअंती. हे आशीर्वाद."

शहापूरकर
मावशी, काय बोलू! पणजोबांनीच लिहिलेलं असणार. म्हणजे मातोश्री ह्या पणजोबांच्या आई, घरात "थोरली आई" म्हणायचे त्या. त्यांचा डोळा मिरजेला केला हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं.

रिकामटेकडा
थांबा थांबा. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत ना? हात न उचलता सगळं एका ओळीत. मग "दाखविलीतीनदिसली" हे "दाखविली, तीन दिसली" असंच कशावरनं? "दाखविली ती न दिसली" असंही होतंय की. म्हणजे दिसलंच नाही!

मोडी_मावशी
अरे देवा. खरंय. ऱ्हस्व-दीर्घाचाही आधार नाही, मोडीत दोन्हीला एकच वेलांटी. पुन्हा बघितलं. लेखणी "ती" आणि "न" यांच्यामधे उचललेली नाही, पण ती "न" आणि "दि" यांच्यामधेही उचललेली नाही. तीन असं माझं मन म्हणतं, कागद म्हणत नाही.

निपाणीची_नात
साखर ठेवायला सांगितलीय ना देवाला. दिसलं म्हणूनच.

रिकामटेकडा
साखर नवसाचीही असू शकेल. "दिसू दे रे बाबा" म्हणून. आणि गवत घालून पासोडी टाक, म्हणजे बाई निजून येणार. दिसत असतं तर बसून आली असती.

वडगावची_काकू
काय रे मेल्या, शंभर वर्षांनी म्हातारीला परत आंधळी करूलालास!

डोळेवाला_चिक्कोडी
नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून बोलतो. निजून येण्याचा दिसण्याशी संबंध नाही. तेव्हा मोतीबिंदू काढताना बुबुळाच्या कडेला मोठा छेद घ्यायचे आणि बऱ्याचदा टाका घालत नसत. जखम आपोआप जुळायची. म्हणून पेशंटला दिवसेंदिवस उताणं ठेवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांना पट्टी. खोकायचं नाही, हसायचं नाही. आणि नंतर शेडबाळहून बैलगाडी! गवत आणि पासोडी हे डॉक्टरांनीच सांगितलं असणार, धक्का बसू नये म्हणून.

बोटं दाखवणं ही आमची आजचीही पहिली तपासणी आहे. पट्टी सोडली की आधी विचारायचं, बोटं किती? आपलं नैसर्गिक भिंग काढून टाकल्यावर माणसाला चष्म्याशिवाय धूसरच दिसतं, पण हातभर अंतरावरची बोटं मोजता येतात. आत बसवायचं भिंग आलं ते १९४९ नंतर, लंडनच्या रिडले यांच्यापासून. त्याआधी काढलेल्या भिंगाची भरपाई बाहेरून करायची, जाड काचेनं.

शहापूरकर, तुम्ही पहिल्या पोस्टीत एका चष्म्याचं लिहिलंय. काच मधे फुगीर आहे की कडेला जाड?

शहापूरकर
मधे फुगीर. एकीकडं तारेला काळा दोरा बांधलाय, कानात अडकवायला.

डोळेवाला_चिक्कोडी
काच अक्षरावर धरून वर उचला. मोठं दिसतंय की लहान?

शहापूरकर
बरंच मोठं.

डोळेवाला_चिक्कोडी
आता सकाळी एक काम करा. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं राहून काच भिंतीजवळ धरा. मागंपुढं करत राहा. एका जागी भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र स्वच्छ उमटेल. तिथून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. शंभराला त्या सेंटिमीटरांनी भागलं की काचेचा नंबर. नुसता वाचायचा म्हातारपणचा चष्मा असेल तर चित्र हातभर लांब पडेल, तीस-चाळीस सेंटिमीटरवर. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचा असेल तर दहाच्या आसपास.

रिकामटेकडा
मानलं. दहा आलं तर मी माघार घेतो आणि काकूंची माफी मागतो.

अनगोळचा_बाळू
मी पण जागा आहे हां. काय निघतंय बघायला.

टपालवेडा
तोवर एक हिशोब. कार्ड १९२६ ते १९३१ मधलं. वॉन्लेस १९२८ ला निवृत्त झाले. म्हणजे "डॉक्टरसाहेबांनी बोटे दाखविली" त्यातली बोटं वॉन्लेसांची की व्हेलसाहेबांची की आणखी कुणाची, ह्याचा निकाल लावायला शिक्क्यातलं साल हवं. शहापूरकर, शिक्का तिरप्या उजेडात धरून अजून एक फोटो काढा. घासू नका, पुसू नका.

शहापूरकर
काढले चार फोटो. शेवटचा आकडा सात किंवा नऊ. बायको सात म्हणते, मुलगा नऊ म्हणतो. घरात दोन पक्ष पडलेत.

टपालवेडा
सात असेल तर वॉन्लेस तिथं होते, नऊ असेल तर नव्हते. असाच अडतो शिक्का नेहमी.

कंपाउंडरचा_मुलगा
सातच धरलं तरी त्यांनीच केलं असं नाही हो. हाताखाली किती डॉक्टर होते. खेड्यातल्या माणसाला सगळेच डॉक्टरसाहेब.

शहापूरकर
सुप्रभात. मोजलं. पूर्वेची खिडकी, सव्वासातचं ऊन. भिंतीवर खिडकीचे गज उलटे उमटले, मागं शेजाऱ्यांची तुळस सुद्धा, खाली डोकं वर पाय. मुलानं पट्टी धरली. साडेनऊ सेंटिमीटर.

डोळेवाला_चिक्कोडी
साडेदहा नंबर. डोळ्यातलं भिंग काढलेल्याचाच चष्मा. आणि न दिसणाऱ्या डोळ्याला कुणी पैसे घालून काच बसवत नाही. तारेला दोरा बांधलाय म्हणजे वापरून वापरून दांडी मोडली होती.

मोडी_मावशी
तीन.

रिकामटेकडा
काकू, माफ करा. तीन.

वडगावची_काकू
ये घरी, मुटगे खायला.

शहापूरकर
आत्ता गावाकडच्या आत्याला फोन केला होता, वय नव्वदीच्या पुढं. डोळ्याचं तिला काही माहीत नाही. पण म्हणाली, "थोरली आई दारात बसून डाळ निवडायची रे. आम्ही पोरं गंमत म्हणून खडे टाकायचो, तर एकूण एक काढून आमच्या अंगावर भिरकवायची."

आणि टपालवेडा, तुमचं एक उत्तर राहिलं होतं. भिंग नाही म्हटलं होतं, पण तीच काच कार्डावर धरून बघितली. बैलगाडीचं चाक, झाड, व्हरांडा, सगळं बारीक बारीक ठिपक्यांचं आहे. छापीलच.

टपालवेडा
छापील म्हणजे बाजारात किंमत कमी. चष्म्याचा फोटो टाका.